अप्पासाहेब पटवर्धन आणि मैल्याचा गॅस

कोकणात गोबरगॅसचा विषय निघाला की अप्पासाहेब पटवर्धनांचे नाव घ्यावेच लागते. कोकणचे गांधी म्हणून लोक त्यांना ओळखतात. स्वातंत्र्याच्या लढ्यातले सत्याग्रही, अस्पृश्यता निवारणासाठी झिजलेले कार्यकर्ते, गांधीजींच्या आत्मकथेचे मराठी भाषांतरकार अशी त्यांची ओळख शाळेच्या पुस्तकात आणि जयंतीच्या भाषणात होत असते. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यांचे सर्वात उपयोगाचे काम घराच्या परड्यात आहे. संडास, उकिरडा आणि गॅसची टाकी या तीन गोष्टींवर त्यांनी आयुष्याची शेवटची वीस-बावीस वर्षे खर्च केली.

आज गावोगाव गोबरगॅसच्या टाक्या दिसतात, त्यातल्या बऱ्याच बंद पडलेल्या असतात. विचारले तर उत्तर ठरलेले असते, गॅस बसला. तो का बसला याचा शोध कोणी घेत नाही. बांधकामाला तडा गेलेला असतो कधी कधी, पण पुष्कळदा टाकी धड असते आणि आतले जंतू विषाने मेलेले असतात. ते विष आपणच ओतलेले असते. अप्पांचे चरित्र वाचताना हा मुद्दा डोळ्यांपुढे ठेवला, तर त्यांच्या कामाची किंमत अधिक कळते.

प्रोफेसरकी सोडून झाडू हाती

अप्पांचे पूर्ण नाव सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन. जन्म ४ नोव्हेंबर १८९४ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात झाला. मुलगा हुशार. एम.ए. होऊन पुण्यात कॉलेजात शिकवू लागला. त्या काळी प्रोफेसर म्हणजे केवढा मान! घरच्यांना वाटले असेल, आता पोरगा मार्गी लागला. पण अप्पांच्या मनाने वेगळेच घेतले. गांधीजींचा विचार पटला आणि त्यांनी नोकरी सोडली. सुशिक्षित माणसाने गावात राहावे, अंगमेहनत करावी आणि जे काम समाज हलके समजतो ते आधी स्वतः करावे, हे गांधीजींचे म्हणणे अप्पांनी अगदी शब्दशः घेतले. पुढे रत्नागिरी जिल्हा हेच त्यांचे कार्यक्षेत्र झाले. सिंधुदुर्ग त्या वेळी वेगळा नव्हता, सारा मुलूख रत्नागिरीतच मोडत असे.

खादी, हरिजन सेवा, मिठाचा सत्याग्रह या सगळ्यांत ते होते. तुरुंगवास ठरलेलाच. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी एक मागणी केली आणि सरकारही चक्रावले. तुरुंगातले मैला साफ करण्याचे काम, ज्याला त्या काळी भंगीकाम म्हणत, ते आपल्याला करू द्यावे अशी ती मागणी होती. तुरुंगाच्या रीतीप्रमाणे हे काम ठराविक जातीच्या कैद्यांकडेच असे. ब्राह्मणाने ते मागणे नियमात बसत नव्हते. परवानगी नाकारली गेली. अप्पांनी अन्न कमी केले. ही बातमी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींपर्यंत पोचली आणि त्यांनीही ३ डिसेंबर १९३२ रोजी उपोषण सुरू केले. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिले तेव्हा ते सुटले. एका कोकणी माणसाने हाती झाडू मागितला आणि त्यासाठी देशाच्या नेत्याने उपास धरला, एवढी त्या मागणीची ताकद होती.

अप्पांच्या मनातला हिशेब सरळ होता. घाण करणारा एक आणि ती उचलणारा दुसरा, ही वाटणी जोवर आहे तोवर अस्पृश्यता जाणार नाही. मग ही वाटणी मोडायची कशी? सर्वांनी झाडू घ्यावा हा एक मार्ग. पण दुसरा मार्ग जास्त टिकाऊ होता. मैला कोणाला हाताने उचलावाच लागू नये, असा संडास बांधायचा. इथून अप्पा समाजसुधारणेकडून बांधकामाकडे वळले.

गोपुरीची प्रयोगशाळा

१९४८ साली त्यांनी कणकवलीजवळ वागदे येथे गोपुरी आश्रम उभा केला. तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न. या वयात माणसे आवराआवर करू लागतात, अप्पांनी नवा डाव मांडला. मेलेल्या जनावराचे कातडे काढणे आणि कमावणे, हाडांचे खत करणे, शेण, मूत्र, पालापाचोळा आणि मैला यांचे खत करणे अशी कामे तिथे चालत. मेलेले जनावर अप्पा स्वतः सोलत. उच्चवर्णीय म्हणवणाऱ्या समाजाला हे रुचणारे नव्हते, पण त्यांनी त्याची पर्वा केली नाही. निसर्गात टाकाऊ असे काही नाही, जे आपण टाकतो ते चुकीच्या जागी पडलेले धन आहे, ही त्यांची श्रद्धा होती. मैल्याच्या खताला आपल्याकडे सोनखत म्हणतात. हा शब्द पूर्वजांनी उगाच दिलेला नाही.

गोपुरी पद्धतीचा संडास याच प्रयोगांतून निघाला. जमिनीच्या वर दोन कप्पे. एक कप्पा वापरात, दुसरा बंद. वापरातल्या कप्प्यात मैल्यावर माती, राख, पालापाचोळा टाकत जायचे. कप्पा भरला की तो बंद करून दुसरा उघडायचा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यात कुजून खत तयार होते. वास नाही, माश्या नाहीत, कोणाच्या डोक्यावर टोपली नाही. कोकणात जांभा दगडाची जमीन. पावसात पाणी फटीफटीतून झिरपते आणि थेट विहिरीत उतरते. खोल खड्ड्याचा संडास विहिरीजवळ असला की पटकी, हगवण, कावीळ ठेवलेलीच. जमिनीवरचा कप्पा हा त्यावरचा उतारा होता.

संडास जोडलेली टाकी

मैल्यापासून गॅस निघतो ही गोष्ट अप्पांच्या आधीपासून माहीत होती. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्ये असा गॅस वापरात आणला गेला होता. १९३९ मध्ये दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणावर प्रयोग केले. १९५१ च्या सुमारास जशभाई पटेलांनी तरंगत्या लोखंडी टोपीची टाकी केली आणि पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने ती गावोगाव पोचवली. पण या साऱ्यांचा भर शेणावर होता. शेण पवित्र, त्याला हात लावायला कोणाची हरकत नाही. मैल्याचा गॅस चुलीवर आणायचा म्हटले की घरातून विरोध. जेवण बाटते की काय!

अप्पांनी नेमका हाच अवघड भाग उचलला. संडास थेट गॅसच्या टाकीला जोडायचा, म्हणजे मैला दिसणार नाही, हाताळावा लागणार नाही, घरात जाळ मिळेल आणि शेवटी शेताला खत मिळेल. एका कामात चार कामे. ज्याच्या घरी गुरे नाहीत अशा गरिबालाही त्यात वाटा मिळतो, हा त्यातला मोठा फायदा त्यांना दिसत होता.

आता आकडे बघा. एका माणसाच्या मैल्यापासून दिवसाला साधारण एक घनफूट गॅस मिळतो. एक किलो शेणापासून सव्वा घनफुटाच्या आसपास मिळतो. स्वयंपाकाला माणशी आठ घनफूट तरी लागतो. म्हणजे पाच माणसांच्या घराला चाळीस घनफूट हवा, आणि त्यांचा संडास देणार पाच. नुसत्या संडासावर चूल पेटणार नाही हे उघड आहे. शेण, ओला कचरा, पालापाचोळा यांची जोड द्यावीच लागते. आणि ही जोड फक्त गॅस वाढवण्यासाठी नसते. टाकीची तब्येत राखण्यासाठीही ती लागते. गॅस का बसतो याचे मोठे उत्तर इथेच आहे.

टाकी म्हणजे जनावराचे पोट

गॅसच्या टाकीत दोन प्रकारचे जंतू काम करतात. पहिले जंतू शेण, अन्न, मैला कुजवून त्याचे आंबट द्रव करतात. दुसरे ते आंबट द्रव खाऊन जळणारा गॅस, म्हणजे मिथेन, करतात. पहिले दांडगे आणि झपाट्याने वाढणारे, दुसरे नाजूक आणि हळू वाढणारे. दोघांचा मेळ बसला की निळी ज्योत मिळते. दुसरे दमले की टाकीत आंबट द्रव साठतो, गॅस येतो पण पेटत नाही, आणि शेवटी काहीच येत नाही. या नाजूक जंतूंना कशाने बाधा होते ते ओळखणे ही टाकी चालवण्याची खरी विद्या आहे.

पहिली बाधा नवसागरासारख्या उग्र वासाच्या वायूची, म्हणजे अमोनियाची. मैला, मूत्र, कोंबडीची विष्ठा यांत नत्र फार असते. शेणात एक भाग नत्राला सुमारे पंचवीस भाग कर्ब असतो. जंतूंना वीस ते तीस हे प्रमाण मानवते. मैल्यात ते सहा ते दहाच भरते, कोंबडीच्या विष्ठेत दहाच्या आसपास. कर्ब कमी पडला की उरलेल्या नत्राचा अमोनिया होतो. लिटरमागे तीन ग्रॅमच्या वर अमोनिया-नत्र गेले की टाकी बसण्याची पाळी येते. नुसत्या कोंबडीखतावर टाकी चालवणारे पोल्ट्रीवाले इथेच फसतात.

यावर उपाय कर्बाचा. भाताचा पेंढा, सुके गवत, पालापाचोळा बारीक तोडून आणि आधी थोडा कुजवून शेणात मिसळावा. अखंड पेंढा टाकू नये, तो वर तरंगून जाड साय धरतो आणि टाकी तुंबते. जोडीला शेण हवेच. कोंबडीखत असेल तर ते थोडे, शेण जास्त आणि पाणी थोडे वाढवून. नवे खाद्य एकदम बदलू नये. आठवड्या-आठवड्याने थोडे थोडे वाढवत गेले तर जंतूही सवय करून घेतात. जनावराची वैरण आपण एकदम बदलतो का? तसेच हे.

दुसरी बाधा आंबटपणाची. घरातले उरलेसुरले अन्न, भात, आमटी, आंब्याच्या साली आणि रस, काजूची बोंडे यांचा ढीग एकदम ओतला की पहिले जंतू सुसाट सुटतात आणि आम्ल साठते. लग्नाकार्यानंतर घरची टाकी बसते ती यामुळे. अशा वेळी ओतणे आठ-पंधरा दिवस थांबवावे. शेजाऱ्याच्या चालू टाकीतली चार-सहा घमेली मळी आणून विरजणासारखी घालावी. चुन्याची निवळी थोडी थोडी देता येते, पण मोजून.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायची. आंबट झालेली टाकी आणि अमोनियाने बसलेली टाकी यांचे औषध एक नाही. अमोनियाच्या टाकीत चुना ओतला तर रोग बळावतो. कारण आम्लता-अल्कतेच्या मापावर टाकी सातवरून आठवर गेली, तर विषारी रूपातला अमोनिया जवळजवळ दहापट होतो. म्हणून आधी ओळखा. आंबूस वास, फेस आणि न पेटणारा गॅस असेल तर आम्ल. डोळ्यांना झोंबणारा उग्र वास असेल आणि खाद्यात मैला किंवा कोंबडीखत जास्त असेल तर अमोनिया. आम्लता-अल्कतेचे माप दाखवणारा पीएच कागद शाळेच्या प्रयोगशाळेतही मिळतो, त्यावर एक थेंब टाकून खात्री करावी. साडेसहा-पावणेसात ते साडेसात हे माप टाकीला मानवते.

तिसरी बाधा बाहेरून येणाऱ्या रसायनांची, आणि हीच आज सर्वात जास्त आहे. अप्पांच्या काळी संडासात राख पडायची. आता फिनेल, ॲसिड, ब्लिचिंग पावडर पडते. ही द्रव्ये जंतू मारण्यासाठीच बनवलेली आहेत. ती संडासातले जंतू मारतात आणि पुढे टाकीतलेही मारतात. संडास जोडलेल्या टाकीत ती घालणे म्हणजे आपल्याच गाईला विष घालणे. भांडे घासायला ब्रश आणि साधे पाणी पुरते. पाणीही कमीच वापरावे, नाहीतर टाकीतला काला पातळ होऊन वेळेआधी बाहेर पडतो.

त्याचप्रमाणे न्हाणीचे साबणपाणी टाकीत सोडू नये. सुपारीवरच्या कोळे रोगासाठी बोर्डो मिश्रण मारून झाले की पंप आणि ड्रम शेण कालवायच्या कुंडीत धुण्याची खोड काहींना असते. मोरचुदातले तांबे या जंतूंना घातक आहे. कीटकनाशकांचेही तेच. गाय आजारी असून तिला प्रतिजैविकाची सुई चालू असेल, तर त्या दिवसांतले शेण टाकीत न घालता उकिरड्यात वेगळे टाकावे. काजूच्या बियांची टरफले कधीही घालू नयेत. त्यांतले तेल हात भाजवते, ते जंतूंना काय सोडणार?

गॅस निघून गेल्यावर उरणारी मळी हे उत्तम खत आहे, नत्र तिच्यात शिल्लक राहते. मात्र संडास जोडलेल्या टाकीची मळी ओली असताना भाजीपाल्यावर टाकू नये. रोगजंतू आणि जंतांची अंडी पूर्ण मरतातच असे नाही. ती पालापाचोळ्यासोबत खड्ड्यात कुजवून मगच शेतात घालावी.

अप्पांच्या मागे

अप्पासाहेबांचे निधन १० मार्च १९७१ रोजी झाले. आयुष्याचा प्रवास त्यांनी माझी जीवनयात्रा या पुस्तकात लिहून ठेवला आहे. त्यांच्या कामाचा धागा पुढे देहूला सापडतो. तिथे सरकारी डॉक्टर म्हणून आलेले डॉ. सुहास मापुसकर अप्पांच्या कामाने भारले गेले. रोगी बरे करण्यापेक्षा रोग होऊच नये म्हणून त्यांनी गावात घरोघर संडास बांधून घेतले. अप्पांच्या मैला-गॅसच्या टाकीवर सुधारणा करून त्यांनी मलप्रभा नावाची पक्क्या घुमटाची टाकी तयार केली. देहूतल्या त्यांच्या संस्थेला त्यांनी अप्पा पटवर्धनांचेच नाव दिले. मापुसकर २०१५ मध्ये गेले आणि २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. गुरूचे काम शिष्याने पुढे नेल्याची अशी उदाहरणे थोडी.

सरकारनेही मधल्या काळात पुष्कळ केले. १९८१-८२ पासून बायोगॅसचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, अनुदाने आली, टाक्या वाढल्या. हाताने मैला साफ करण्यास बंदी करणारे कायदे १९९३ आणि २०१३ मध्ये झाले. २०१४ पासून स्वच्छ भारत मोहिमेत संडास बांधले गेले, २०१८ मध्ये गोबरधन योजना आली. तरीही शहरातल्या गटारात माणसे उतरतात आणि वायूने गुदमरून मरतात. अप्पांनी १९३२ मध्ये जो प्रश्न हाती घेतला तो अजून सुटलेला नाही. कायद्याने हात बांधले, पण मैला कुठे जाणार याची सोय केली नाही, तर कोणाला तरी खाली उतरावेच लागते.

म्हणून बंद पडलेली टाकी ही साधी गोष्ट नाही. टाकी बसली की घरातली बाई पुन्हा धुराच्या चुलीपुढे बसते, लाकडासाठी डोंगर उघडा पडतो, संडासाचे पाणी विहिरीकडे वाट काढते आणि शेतकरी युरियाच्या पोत्यासाठी रांगेत उभा राहतो. यातले बरेचसे एका फिनेलच्या बाटलीमुळे किंवा कोंबडीखताच्या दोन जास्त पाट्यांमुळे होते.

ज्यांच्या टाक्या बसल्या आहेत त्यांनी गवंडी बोलावण्याआधी चार गोष्टी बघाव्यात. महिनाभरात टाकीत काय काय गेले ते आठवावे. काल्याचा वास घ्यावा. पीएच कागद लावून बघावा. मग रोगाप्रमाणे उपाय करून महिनाभर धीर धरावा. नाजूक जंतू वाढायला तेवढे दिवस घेतातच. नवी टाकी बांधणाऱ्यांनी ती संडासाला जोडण्याचा जरूर विचार करावा, आणि घरातल्या सर्वांना, विशेषतः संडास साफ करणाऱ्याला, काय ओतायचे नाही ते आधी सांगावे.

अप्पांनी प्रोफेसरकी सोडून घाणीत हात घातला, तो इतरांना घाणीत हात घालावा लागू नये म्हणून. आपल्याला तर हात घालायचाही नाही. परड्यातल्या टाकीकडे गोठ्यातल्या गाईइतके लक्ष दिले तरी पुरे आहे.